आई-बाबांबरोबर ग्रीस : अथेन्स, सांतोरिनी, क्रीट

तारखा ठरवायलाच आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आई सत्तरीची. जुलै-ऑगस्टात अथेन्सचं ऊन इतकं तापतं की अलीकडच्या उन्हाळ्यांत भर दुपारी टेकडीवरच्या प्राचीन देवळांचं अ‍ॅक्रोपोलिस काही तास बंद ठेवावं लागलं आहे. ऑक्टोबर संपत आला की बेटांकडे जाणाऱ्या बोटी कमी होतात. म्हणून 2025 च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरला. सोबत वयस्कर माणसं असतील तर हाच काळ बघावा.

बाबांची सगळी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली. अमरावती-यवतमाळच्या काळ्या पाषाणात विहीर कुठे खणायची, हे सांगण्यात त्यांची तीस वर्षं गेली. ज्वालामुखीच्या काठावर वसलेलं बेट एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा. आईची अट त्याहून साधी होती. जेवणाचे हाल नकोत.

पहिला दिवस : अथेन्स

विमानतळावरून मेट्रो थेट शहरात येते. वाटेत रस्त्यावरच्या हिरव्या-निळ्या पाट्यांवर एक शब्द सारखा दिसत होता. विमानात मी ग्रीक अक्षरं गिरवली होती, त्यामुळे तो वाचता आला : केंद्रो. म्हणजे शहराचा मध्य. बाबा खिडकीला नाक लावून म्हणाले, "हे तर आपलंच निघालं." खरं तर उलट आहे. 'केंद्र' आणि 'होरा' हे शब्द ज्योतिषाबरोबर ग्रीकांकडून संस्कृतात आले. आपण 'दाम मोजतो' त्यातला दामही द्राख्मा या ग्रीक नाण्याचाच, वाटेत त्याचा द्रम्म झाला. युरोच्या नोटा 2002 मध्ये येईपर्यंत ग्रीसमध्ये द्राख्माच चालत होता.

संध्याकाळी प्लाका या जुन्या भागातून वर चढून अनाफिओतिकात गेलो. अ‍ॅक्रोपोलिसच्या उतारावर चुन्यानं रंगवलेली दोन-तीन गल्ल्यांची ही वस्ती. 1834 मध्ये अथेन्स राजधानी झालं तेव्हा बांधकामासाठी अनाफी बेटावरून गवंडी आले आणि त्यांनी आपल्या गावासारखी घरं इथे बांधली. गल्ली इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. एका दारात तुळशीची कुंडी होती, बारीक पानांची. आईनं पान चुरगळून वास घेतला. आपली नव्हे, पण तिची बहीण नक्की.

जेवणाचा प्रश्न एका शब्दानं सुटला : निस्तीसिमो, म्हणजे उपवासाचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स माणसं वर्षातले बरेच दिवस उपास करतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काही घेत नाहीत. त्यामुळे 'शाकाहारी' समजावून सांगत बसण्यापेक्षा हा शब्द उच्चारला की वाढणारा लगेच मान हलवतो. मात्र त्यांच्या उपासाला कोळंबी नि माकूल चालतात, तेवढं विचारून घ्यावं. त्या रात्री टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी आणि पाव असं जेवलो. आई पोटभर जेवली आणि माझी निम्मी काळजी मिटली.

दुसरा दिवस : अ‍ॅक्रोपोलिस

तिकीट 30 युरोचं आहे आणि त्यावर वेळ छापलेली असते. आम्ही सकाळी आठची घेतली होती. पायऱ्यांचा संगमरवर लाखो पावलांनी इतका गुळगुळीत झालाय की साध्या सपाट तळव्याच्या चपला घालून येऊ नये. बाबा काठी टेकत, आई माझा हात धरून, असे सावकाश चढलो.

पार्थेनॉनचं काम इ.स.पू. 447 ला सुरू झालं आणि 432 ला शिल्पांसकट संपलं. पंधरा वर्षांत! आम्ही आधी वाचलं होतं की या देवळात सरळ रेष जवळजवळ नाहीच. जोतं मध्यभागी किंचित उचललेलं, खांब किंचित आत कललेले. वाचून पटत नाही. बाबांनी पायरीच्या एका टोकाशी डोळा नेला, ओळंबा बघणाऱ्या गवंड्यासारखा, आणि मलाही वाकायला लावलं. दगडाची कड मधे फुगून पुन्हा खाली उतरताना स्पष्ट दिसली.

या इमारतीची दुर्दशा काळानं केली त्यापेक्षा माणसांनी जास्त केली. 1687 मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता, व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला आणि मधला भाग उडाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिननं शिल्पं काढून लंडनला नेली. विसाव्या शतकात डागडुजी करणाऱ्यांनी चांगल्या हेतूनं लोखंडी सळ्या घातल्या, त्या गंजून फुगल्या आणि त्यांनी दगड फोडले. आता त्या एकेक काढून टायटॅनियमच्या बसवतात. जिथे तुकडाच हरवलाय तिथे त्याच पेंतेली डोंगराचा नवा संगमरवर जोडतात. जुना मधाळ, नवा पांढरा, त्यामुळे कुठला कोणता ते कळतं. ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटली.

टेकडी आधी आणि खालचं संग्रहालय नंतर, हा क्रम सोडू नका. 2009 मध्ये उघडलेल्या या इमारतीत शिरण्याआधीच पायाखाली काच लागते आणि काचेखाली खोदून काढलेली जुनी वस्ती दिसते : घरांच्या भिंती, न्हाणीघरं, विहिरी. वरच्या मजल्याची दिशा पार्थेनॉनला समांतर ठेवली आहे, म्हणजे खिडकीतून देऊळ आणि भिंतीवर त्याच देवळाची शिल्पपट्टी एकत्र बघता येते. जे तुकडे ग्रीसकडे आहेत ते खरे, जे बाहेर आहेत त्यांच्या जागी पांढरे प्लास्टर.

आई थांबली ती एरेख्थिओन या टेकडीवरच्याच दुसऱ्या देवळातल्या दगडी स्त्रियांपाशी. डोक्यावर छत पेलणाऱ्या सहा जणींपैकी पाच इथे आहेत. टेकडीवर दिसतात त्या प्रतिकृती. इथे त्यांना मागून बघता येतं, आणि मागे प्रत्येकीची जाड वेणी आहे. आई मागच्या बाजूला किती तरी वेळ उभी होती. "वेण्या वेगवेगळ्या घातल्यात बघ," ती म्हणाली. मग तिनं मोजलं. "सहावी कुठाय?" लंडनला, मी सांगितलं. तिची जागा इथे मोकळी ठेवली आहे. आईला ती रिकामी जागा संबंध प्रवासात आठवत राहिली. माझंही मत स्पष्ट आहे : ती बाई घरी यायला हवी.

तिसरा दिवस : खापऱ्या आणि चाकं

सकाळी प्राचीन अगोरा, म्हणजे बाजार आणि चावडी एकाच जागी. हेफेस्टसचं देऊळ इतकं शाबूत आहे की पार्थेनॉन धडधाकट असताना कसं दिसत असेल याची कल्पना इथे येते. अतालोसच्या लांब ओसरीत (1950 च्या दशकात ती जुन्या पायावर पुन्हा उभारली) संग्रहालय आहे. तिथे बाबांना त्यांची गोष्ट सापडली. अथेन्सचे नागरिक एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षं हद्दपार करण्यासाठी फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरून मत देत. अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत अशा 190 खापऱ्या मिळाल्या, साऱ्यांवर थेमिस्टोक्लिसचं नाव, आणि हस्ताक्षरं मात्र चौदाच. कुणीतरी वाटण्यासाठी आधीच लिहून ठेवलेल्या. "विहिरीत सगळं सापडतं," बाबा म्हणाले.

दुपारी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. हे मोठं आहे, सगळं बघायला जाऊ नये. आम्ही तीनच गोष्टी ठरवल्या होत्या. मायसीनीचा सोन्याचा मुखवटा, जो श्लीमाननं 1876 मध्ये खणून काढला. अंतिकिथेरा यंत्र : 1901 मध्ये बुडालेल्या जहाजातून वर आलेला काशाचा हिरवट गोळा, ज्यात ग्रहणं नि ग्रहांच्या गती सांगणारी चाकं आहेत आणि त्यातली तीस अजून मोजता येतात. तिसरी गोष्ट वरच्या मजल्यावरची, सांतोरिनीच्या आक्रोतिरीहून आणलेली एक खोली. तीन भिंतींवर तांबडे-पिवळे-निळे खडक, त्यांतून उगवलेल्या लिली, आणि हवेत भांडल्यासारख्या खेळणाऱ्या पाकोळ्या. सगळे 'वसंत, वसंत' म्हणत फुलं बघत होते. बाबा फक्त खडक बघत होते. "हा लाव्हाच काढलाय. ज्यानं काढला तो रोज बघत असणार."

चौथा दिवस : बोट

पिरेअस बंदरातून सकाळी सात-साडेसातला निघालेली मोठी बोट पारोस, नाक्सोस करत दुपारनंतर सांतोरिनीला पोचते. विमानानं पाऊण तास लागतो, बोटीनं जवळजवळ आठ. तरी बोटच घ्यावी. नाक्सोसच्या धक्क्याजवळ एका खडकावर संगमरवरी चौकट एकटीच उभी आहे, अडीच हजार वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेल्या देवळाचा दरवाजा. डेकवरून तो छान दिसतो.

सांतोरिनी जवळ येताना बाबा कठड्याला धरून उभे राहिले ते धक्का लागेपर्यंत हलले नाहीत. बोट ज्या पाण्यातून आत जाते तो समुद्र नव्हे, ज्वालामुखीचं कोसळलेलं पोट आहे. साधारण 3600 वर्षांपूर्वी मोठा स्फोट झाला, मधला डोंगर खचला आणि तिथे समुद्र शिरला. तीन बाजूंनी 300 मीटरपर्यंत उभे कडे, खाली जवळजवळ तितकंच खोल पाणी. कड्यावर थर दिसतात : काळा लाव्हा, विटकरी राख, पुन्हा काळा, आणि अगदी माथ्यावर साईसारखी पांढरी जाडी. "ती वरची पांढरी, तो शेवटचा स्फोट," बाबा बोट दाखवत होते. "आपला दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, थंड, शांत. हा अजून जागा आहे." मधल्या काळ्या बेटावर, नेआ कामेनीवर, शेवटचा उद्रेक 1950 मध्ये झाला. पोस्टकार्डांत दिसणारी पांढरी गावं त्या राखेच्याच काठावर बसली आहेत. जुनी घरं तर राखेत कोरलेलीच आहेत.

आम्ही कार्तेरादोसला उतरलो होतो. फिरा या बेटाच्या मुख्य गावापासून चालत जाण्याजोगं, कड्यापासून आत, म्हणून परवडणारं.

रात्री समोर आली फावा. पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा, वर चिरलेला कांदा, केपर, ऑलिव्हचं तेल, लिंबू. आईनं एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "अगं, ही लाखोळी आहे."

भंडाऱ्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. धान कापणीला येतं तेव्हा बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकतात, पुढे ती आपोआप वाढते. तिच्या डाळीचे वडे, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी. तीच एकमेव डाळ सतत खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर बंदीही होती. मी मोबाइलवर शोधलं. सांतोरिनीची फावा म्हणजे लॅथिरस क्लिमेनम, आणि आपली लाखोळी लॅथिरस सटायव्हस. सख्ख्या नाहीत, पण एकाच घराण्यातल्या. आईला जिभेवरच कळलं होतं.

पाचवा दिवस : आक्रोतिरी

सांतोरिनीला दोनच दिवस मिळणार असतील तर एक सकाळ इथे द्या. सूर्यास्त सगळीकडे होतो, आक्रोतिरी एकच आहे.

स्फोटाच्या राखेखाली गाडलेलं हे गाव. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी 1967 मध्ये खोदायला सुरुवात केली आणि 1974 मध्ये याच जागी त्यांचा मृत्यू झाला. आजवर थोडाच भाग उकरला आहे. वर मोठं छप्पर आहे, त्यामुळे ऊन लागत नाही, लाकडी पुलांवरून फिरता येतं आणि वृद्धांना अजिबात त्रास होत नाही. आधीचं छप्पर 2005 मध्ये कोसळलं होतं, त्यात एका पर्यटकाचा जीव गेला. आताचं 2012 ला उघडलं.

आत गेल्यावर आपण उत्खनन बघतोय असं वाटतच नाही. गल्ली आहे, गल्लीला वळण आहे, छोटा चौक आहे. दोन-तीन मजली घरं, दगडी जिना अधेमधे तडकलेला. गल्लीच्या फरशीखालून सांडपाण्याचं गटार जातं. 'पश्चिम घर' म्हणतात त्या घरात वरच्या मजल्यावर संडास होता आणि त्याची मातीची नळी भिंतीतून खाली या गटारात सोडली होती. 3600 वर्षांपूर्वी! बाबांनी उतार डोळ्यांनी मोजला आणि "बरोबर आहे" असा शेरा दिला.

इथे माणसांचे सांगाडे मिळालेले नाहीत. स्फोटाआधी मोठा भूकंप झाला, लोक बाहेर पळाले, काही जण परत आले. त्यांनी ढिगारे उचलायला सुरुवात केली, तुटक्या घरांतून खाटा बाहेर काढून एकावर एक ठेवल्या, धान्याची भांडी सुरक्षित जागी हलवली. एका खोलीत भिंत रंगवण्याचं काम चालू होतं, गिलाव्याचं नि रंगाचं भांडं तसंच राहिलं. मग पुन्हा काही तरी जाणवलं असावं, आणि सगळे निघून गेले. मौल्यवान वस्तू बरोबर नेल्या. लाकडी खाटा राखेत कुजून गेल्या, पण त्यांची पोकळी उरली. पुरातत्त्वज्ञांनी त्यात प्लास्टर ओतलं, आणि खाटा परत आल्या. चार पाय, मधे विणीची जागा. आपल्या बाजेसारख्याच.

आई रांजणांपाशी उभी होती. कमरेएवढे, कुणावर रंगीत नक्षी, काही जमिनीत पुरलेले. या साठवणीच्या भांड्यांत जव मिळालं, पीठ मिळालं. आणि मिळाले लॅथिरस क्लिमेनमचे दाणे. काल रात्री ताटात होती तीच डाळ.

मी हे सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "डाळ नेता आली नसेल त्यांना. जड असते."

सहावा दिवस : माकडं, आणि फेब्रुवारीची आठवण

फिराच्या प्रागैतिहासिक संग्रहालयात आक्रोतिरीची भांडी, 1999 मध्ये लाकडी पेटीत मिळालेला सोन्याचा छोटासा बोकड आणि निळ्या माकडांची भिंत आहे. खडकांवर चढणारी, शेपट्या वर वळवलेली माकडं. एजियन बेटांवर माकडं नव्हतीच. काही वर्षांपूर्वी वानरांच्या अभ्यासकांनी हे चित्र पाहिलं आणि शेपटीची ठेवण, अंगाची चण बघून मत दिलं की हे आपले हनुमान वानर असावेत. म्हणजे सिंधूच्या बाजूनं व्यापारी वाटांनी एखादं वानर किंवा त्याची ओळख इथवर आली असणार. सगळ्यांना हे पटलेलं नाही. आईला मात्र क्षणाचीही शंका आली नाही. तिनं हात जोडले.

नंतर फिराहून इमेरोविग्लीपर्यंत कड्याच्या काठानं चाललो, तासभर, बसत-बसत. पुढे इयापर्यंत सगळा रस्ता साधारण दहा किलोमीटरचा आहे, तो तरुणांनी जरूर चालावा. सूर्यास्तासाठी इयाला जायचं टाळलं. तिथल्या गल्ल्यांत त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते, आई-बाबांना ते झेपलं नसतं. इमेरोविग्लीच्या एका चर्चच्या पायरीवर तोच सूर्य त्याच पाण्यात बुडताना निवांत पाहिला.

रात्री घरमालकीणबाईंनी कॉफी दिली आणि फेब्रुवारीतलं सांगितलं. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत इथे हजारो भूकंप झाले, शाळा बंद ठेवल्या, दहा हजारांवर माणसं बेट सोडून गेली. बाईही गेल्या, एक पिशवी घेऊन, बोटीनं पिरेअसला. 1956 च्या भूकंपात त्यांच्या आजीचं घर पडलं होतं, त्यामुळे थांबायचा प्रश्नच नव्हता. निघताना काय घेतलं, असं आईनं मला विचारायला लावलं. कागदपत्रं, औषधं, आईचा फोटो, त्या म्हणाल्या.

सातवा दिवस

वेगवान बोटीनं दोन तासांत क्रीट. इराक्लिओ या तिथल्या मुख्य शहरात वारा सुटला होता. सिंहांच्या कारंज्यापाशी बसून दाकोस खाल्ला (जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो नि चीज) आणि झोप काढली.

आठवा दिवस : क्नोसोस

शहरातून दोन नंबरची बस क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याला जाते, पाचेक किलोमीटर. इथे आधी थोडं खणलं ते मिनोस कालोकेरिनोस या क्रीटच्याच व्यापाऱ्यानं, 1878 मध्ये. नाव झालं 1900 पासून खणणाऱ्या आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाचं. इव्हान्सनं नुसतं खणलं नाही, काँक्रीट ओतून मजले उभे केले, तांबडे खांब रंगवले, चित्रांचे तुकडे जोडून उरलेला भाग कल्पनेनं भरून घेतला. पार्थेनॉनवर नवा दगड कोणता ते कळतं, इथे कळत नाही. मला ते खटकलं. बाबांचं म्हणणं निराळं : "नाही तर आपण नुसते दगड पाहून राहिलो असतो." तेही खोटं नाही.

मूळ वस्तू इराक्लिओच्या संग्रहालयात आहेत. बैलावरून कोलांटी मारणारा खेळाडू, हातात साप धरलेली देवी, आणि फाइस्तोसची चकती : वीतभरापेक्षाही लहान मातीची थाळी, दोन्ही बाजूंना गोल फिरत गेलेले ठसे, 1908 मध्ये सापडली आणि अजून वाचता आलेली नाही. तिच्याजवळ गर्दी होते. मी जास्त वेळ थांबले शेजारच्या मातीच्या पाट्यांपाशी. त्यांच्यावरची लिपी मायकेल व्हेंट्रिसनं 1952 मध्ये उलगडली आणि भाषा ग्रीकच निघाली. काव्य, राजांच्या कथा असं काही नव्हतं. मेंढ्या किती, लोकर किती, तेल कुणाला किती दिलं. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा वाकून पाहिलं. त्यांच्या जुन्या नोंदवहीतही असेच स्तंभ असायचे : गाव, विहीर, खोली, पाणी.

नववा दिवस

1866 नावाच्या रस्त्यावर बाजार भरतो. आईनं डोंगरी औषधी चहाच्या काड्या घेतल्या, आणि एका वाण्याकडे सांतोरिनीची फावा दिसली तेव्हा अर्ध्या किलोची दोन पाकिटं. भारी किमतीची आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे आणि बेटावर पिकते थोडीच.

रात्रीच्या बोटीनं पिरेअसकडे निघालो. बाबा केबिनमध्ये झोपले. मी नि आई डेकवरच्या बाकावर बसलो होतो. तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं, कोपरा फोडला, चार दाणे तळहातावर घेऊन दिव्याखाली पाहिले आणि तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिली.

"रात्रभर नको भिजवायला," ती म्हणाली, "दोन तास पुरेत. वडे होतील."